बर्फ हरला त्या सामन्याबद्दल

लॉश पॉइंट, उत्तर काठ

आदरणीय वितालमामा यांस,

तुमची भाची विक्टोरिन हिचा, तुमचे दोन्ही हात हातात घेऊन नमस्कार.

कोणीही वारलेलं नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण फोन केला की तुम्ही "कोण गेलं?" एवढंच विचारता आणि उत्तर न ऐकता फोन लुसीच्या हातात कोंबून कोट चढवायला जाता. म्हणून हे पत्र. तुमच्या डोळ्याची पट्टी सुटेपर्यंत तुम्ही पलीकडच्या काठावर लुसीकडे आहात, तेव्हा ते तीच वाचून दाखवणार, हे धरून चालते. (लुसी, कंसातला मजकूर तुझ्यासाठी आहे, तो मोठ्याने वाचू नकोस.) डोळा कसा आहे? वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं असताना तुम्ही वाकून वाकून लुसीच्या कुत्र्यांना वाळवलेले मासे घालता, ही बातमी इकडे पोचली आहे. नदीवरून माणसं येईनाशी झाली तरी चहाड्यांना रस्ता लागत नाही. तुमची जाळी मी धुऊन, वाळवून छपराखाली टांगली आहेत. तुमचा म्हातारा कुत्रा माझ्याकडे जेवतो, माझ्याकडे झोपतो आणि माझ्या स्वयंपाकाकडे बघून हुबेहूब तुमच्यासारखा सुस्कारा टाकतो. बाकी क्षेम आहे.

नदीच्या बर्फावरचा रस्ता बंद झाला हे तुम्हाला ठाऊकच आहे. तो माझ्यामुळे बंद झाला, असंही तुमच्या कानावर आलं असेल. त्यातलं पहिलं खरं आहे आणि दुसरं धादांत खोटं आहे. दुसरं खोटं कसं, ते या पत्रात सविस्तर सांगते. चहा घेऊन बसा.

मागच्या पानगळीत मी शाळेत जाहीर केलं होतं की हवामान बदलतंय हे पोरांना नुसतं विज्ञानाच्या तासाला सांगून भागायचं नाही. ते गणितात आलं पाहिजे, चित्रकलेत आलं पाहिजे, भाषेत आलं पाहिजे, आणि प्रत्येक ठिकाणी आपल्या म्हाताऱ्या माणसांना जे कळतं ते त्याच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसलं पाहिजे. मला हौस होती म्हणून नाही. वणव्याच्या उन्हाळ्यात अख्खं गाव विमानात घालून दक्षिणेला नेलं, तेव्हापासून माझ्या वर्गात कोणाच्या बॅनक भाकरीचा तुकडा चुलीवर करपला तरी निम्मी पोरं दप्तर भरायला लागतात. म्हटलं, ज्याची भीती वाटते त्याचा अभ्यास केलेला बरा. आपण सगळे दने जमातीचे, नदीच्या काठावर जन्मलेले. आपल्या पोरांनी नदीला घाबरून कसं चालेल?

सुरुवात गणितापासून केली. दर आठवड्याला पोरांना नदीवर न्यायचं, बर्फाला भोक पाडायचं, जाडी मोजायची आणि आलेख काढायचा. आलेख छान निघाला, हळूहळू चढत गेला, आणि मग एके दिवशी एकदम ताडमाड उंच झाला. मी हरखले. म्हटलं, आला बाबा थंडीचा जोर. चौकशीअंती कळलं की भोक पाडल्यावर एकाने त्यात गळ सोडला होता, लॉश मासा लागला, आणि मोजपट्टी हातात होतीच तर माशाची लांबी घेऊन तीच वहीत उतरवली. (मासा उत्तम होता. काळीज मी खाल्लं.) चित्रकलेच्या तासाला आपलं गाव काढायला सांगितलं तर झाडून सगळ्यांनी घरं तिरकी काढली. मी चिडले, पट्टी कशाला दिली आहे, रेघा सरळ मारता येत नाहीत का, म्हणून आवाज चढवला. मग एकीने मला खिडकीशी नेलं. मामा, जमिनीखालचा गोठलेला थर सुटायला लागल्यापासून आपलं गाव किती कलंडलंय ते रोज बघून बघून माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पोरांनी मोजून काढलं होतं. सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले.

भाषेच्या तासाला तुम्हीच आला होतात. बर्फाची नावं सांगितलीत, वरून पांढरा दिसणारा पण आतून पोकळ असलेला, वर पाणी चढलेला, रात्री धरणारा आणि दुपारी सोडणारा. पोरांनी विचारलं, यातल्या कुठल्यावर पाय ठेवायचा? त्यावर तुम्ही तुमच्या मेव्हण्याची आणि अस्वलाची जी गोष्ट सांगितलीत ती दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत चालली आणि तिच्यात बर्फ कुठेच आला नाही. पोरं अजून तिचा अर्थ लावताहेत. मीही लावते आहे.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना शिक्षण कचेरीतून हॅलिवेल नावाचे साहेब आले. माणूस सभ्य, पायांत नवेकोरे बूट, हातांत नवेकोरे मिटन हातमोजे, आणि एक तक्ता, ज्यात प्रत्येक विषयापुढे हवामानाचा धडा कोणता ते भरायचं होतं. सगळे रकाने भरले, फक्त शारीरिक शिक्षणाचा रिकामा राहिला. साहेबांनी तो पेन्सिलीने हलकेच ठोकला. मला त्या ठोकण्याचा राग आला. (लुसी, माझा स्वभाव तुला माहीत आहे, पण मामांना तो अजून गोड वाटतो, तसाच वाटू दे.) मी ताडकन सांगून टाकलं की आहे ना धडा, उद्याच आहे, मुठींचा खेळ, आमच्या बापजाद्यांचा. संघ दोन. एकाचं नाव बर्फ, दुसऱ्याचं पाणी.

ही चूक झाली, ती एवढीच. तुम्ही आता डोळे मिटून मान हलवत असाल ते मला इथून दिसतंय. पण साहेबांना वाटलं की कल्पना झकास आहे, आणि मला वाटलं की साहेबांना झकास वाटलं म्हणजे झकासच असणार.

डेल्फिनमावशीने मात्र त्याच संध्याकाळी माझं दार ठोठावलं. ती आत आली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "विक्टोरिन, माणसं माणसांशी खेळतात. बर्फाला कशाला खेळायला बसवतेस? तो आपलं काम निमूटपणे करतोय." मी म्हटलं, "अगं मावशी, नावं आहेत नुसती." ती म्हणाली, "नावं नुसती असतात होय?" आणि गेली. मी तिच्या पाठीकडे बघून हसले, हेही सांगते, नाहीतर दुसरं कोणी तरी सांगेल.

सामना व्यायामशाळेत व्हायचा होता, पोरापोरांचा. पण डफवाल्यांना बोलावलं की गाव येतंच, आणि डफाशिवाय खेळायचं तर मुठी झाकून नुसतं गुडघ्यांवर बसून राहायचं, त्याला खेळ कोण म्हणेल? डफ वाजले. दुकान बंद झालं. दवाखान्यातली बाईसुद्धा आली, रुग्णासकट. दोन रांगा समोरासमोर गुडघ्यांवर, मांड्यांवर कोट पसरलेले, कोटांखाली मुठींत खडे लपवायची घाई, पोरं डोलताहेत, ओरडताहेत, एकमेकांना डोळ्यांनी खोट्या खुणा करताहेत. मी तुम्हाला खेळ काय समजावणार, तुम्ही समोरच्याच्या नुसत्या श्वासावरून खडा ओळखता असं म्हणतात. पण पाण्याच्या बाजूने ओळखायला बसली होती डेल्फिनमावशीची नात नोएला, तिसरीतली, आठ वर्षांची. मामा, तिचा हात तुम्ही पाहायला हवा होता. एवढीशी पोर, पण घाई नाही, आरडाओरडा नाही. समोरच्या रांगेवर एकदा नजर फिरवायची, मान जराशी तिरकी करायची, आणि बोट दाखवायचं. उघड मूठ. खडा तिथेच. बर्फवाल्यांच्या गुणांच्या काड्या एकामागून एक तिच्याकडे जायला लागल्या.

इथे गावाला जाग आली. बर्फ हरतोय हे कोणाच्या तरी तोंडून निघालं. पाण्याच्या बाजूच्या पोरांच्या आया आपल्याच पोरांना दटावायला लागल्या, नीट खेळू नकोस म्हणून! रेमंडने पाण्याकडून बसलेल्या आपल्या मुलाला खुणेने सांगितलं की खडा सरळ दाखवून टाक. हॅलिवेल साहेबांना काहीच पत्ता नव्हता. ते पाण्याच्या बाजूने टाळ्या पिटत होते, आणि पैज लावायची पद्धत आहे असं कोणीतरी सांगितल्यावर पाण्यावर नवे मिटन लावून बसले होते. अख्ख्या व्यायामशाळेत पाणी जिंकावं असं वाटणारी माणसं दोनच, साहेब आणि नोएला. शेवटची काडी नोएलाने उचलली, दोन्ही हात वर केले आणि आनंदाने ओरडली, "पाणी जिंकलं!" टाळ्या एकट्या साहेबांच्या. (मिटन त्यांनी जिंकले, म्हणजे स्वतःचे परत मिळाले आणि वर रेमंडचे. रेमंडचे जास्त उबदार निघाले.)

पुढच्याच आठवड्यात बर्फावर पाणी चढलं. रस्ता बंद. अजून वसंतातल्या रानहंसांचा पत्ता नाही, बायकांनी हिवाळी पडदेसुद्धा काढले नव्हते, आणि नदी राखाडी पडून बसली. नोएलाचा बाप जोआकिम दुकानाचा माल आणायला पलीकडे गेला होता, तो ट्रकसकट तिकडेच अडकला. आता तो लुसीच्या सोफ्यावर झोपतो आणि रात्री उठून ट्रकचं इंजिन चालू करतो, बटाटे गोठू नयेत म्हणून, असं ऐकते. त्याच ट्रकमध्ये माझं कपडे धुण्याचं यंत्रही आहे. त्याला सांगा, यंत्रावर पाय ठेवून बसू नकोस.

तुमचा पहिला प्रश्न मला माहीत आहे. हो, नदीला तंबाखू वाहिली. सामन्याआधी वाहायची, ती नंतर वाहिली.

त्या दिवसापासून माझ्या डोक्याला जो ताप झाला आहे तो काय सांगू. दुकानात व्हिनेगरचे वेफर आणि ऑलिव्हचे डबे एवढंच उरलं आहे, आणि प्रत्येक माणूस ऑलिव्हचा डबा उचलताना माझ्याकडे बघतो. एकाने मला त्याच्या दारातला बर्फ वितळवून देशील का म्हणून विचारलं, फावडं मारायचा कंटाळा आलाय म्हणे. काहींनी तर सरळ सामने मागायला सुरुवात केली. रेमंडला "हंस आले" विरुद्ध "हंस आले नाहीत" असा सामना हवा आहे, तोही लवकर. दवाखान्यातल्या बाईला पेट्रोलचा भाव खाली आणायचा आहे. एक जण, नाव सांगत नाही, पण तो तुमच्या मेव्हण्याचा मुलगा आहे, बायको माहेराहून परत यावी म्हणून दोन संघ काढून दे म्हणाला. मी विचारलं, तुझ्या बाजूने कोण खेळणार? त्याला कोणी मिळालं नाही.

हसण्यावारी नेलं असतं. पण परवा हॉलमध्ये शाळेच्या पंचांची बैठक झाली आणि डेल्फिनमावशी उठून उभी राहिली. मी आलेख घेऊन गेले होते, माशाचा ठिपका खोडून. मी तावातावाने दाखवलं की बर्फ पातळ होतोय तो या वर्षी नाही, ही पोरं जन्मायच्या आधीपासून होतोय, खेळाचा काडीचा संबंध नाही. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या रेघा खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. नदी मलाही दिसते. पण पाणी जिंकलं, हे तू माझ्या नातीच्या तोंडून वदवून घेतलंस. तू मोठी होतीस ना? मग तू म्हणायचंस." त्यावर मी बरंच बोलले, आणि जितकं बोलले तितके पंच तिच्या बाजूला झुकले. आता येत्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर ठरणार आहे की हे सगळ्या विषयांतले धडे चालू ठेवायचे की गुंडाळायचे. गुंडाळले तर मामा, माझी पोरं पुन्हा करपलेल्या बॅनकला घाबरणार. मला त्याचं फार वाईट वाटेल, अगदी मनापासून सांगते.

म्हणून विनंती अशी की रविवारी तुम्ही यावं. तुमच्या लहानपणी रस्ता कधीपर्यंत टिकायचा, आणि मग वर्षागणिक कसा आधी आधी जायला लागला, एवढं तुमच्या तोंडून सांगा. मेव्हण्याची गोष्ट नको. माझ्या आलेखावर ज्यांचा विश्वास नाही त्यांचा तुमच्यावर आहे. डेल्फिनमावशीसुद्धा ऐकेल, कारण तिने आयुष्यात एकदाच तुमच्याशी वाद घातला आणि त्यात ती जिंकली, तेव्हापासून ती तुम्हाला शहाणा माणूस समजते.

लुसीला आणि तिच्या कुत्र्यांना आशीर्वाद. डोळा जपा.

तुमची,
विक्टोरिन

ता. क. हेलिकॉप्टर शनिवारी इकडे येतं. म्हाताऱ्या माणसांना त्यात जागा राखून असते. पंख नसलेल्या वस्तूत मी बसत नाही, हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे. चालकाला मी सांगितलं आहे की तुम्हाला दाराशी बसवू नकोस आणि गप्पा मार. येताना चहाची पाकिटं आणा. ऑलिव्ह आणू नका.

पुन्हा ता. क. (लुसी, यातलं एकही अक्षर गाळू नकोस, आणि जोआकिम घरात असेल तर त्यालाही जवळ बसव.) मामा, वर लिहिलं आहे ते सगळं खरं आहे, आणि तेवढ्यासाठीच असतं तर तुम्ही नाही आलात तरी चाललं असतं. धडे गुंडाळले तर पुढच्या वर्षी पुन्हा भांडेन, भांडायला मला कधी कमी पडलेलं नाही. गोष्ट नोएलाची आहे. रस्ता बंद झाल्यापासून ती शाळेत आलेली नाही. सर्दी झाली, असं मावशी सांगते. सर्दी नाही. जोआकिमने फोनवर गंमत म्हणून तिला सांगितलं, "पाणी जिंकवलंस ना तू? मग बसलोय इथे!" (जोआकिम, तुला अक्कल कधी येणार?) त्या दिवसापासून पोर सकाळ-संध्याकाळ काठावर जाऊन उभी राहते आणि आपल्या ताटातला बॅनक नदीला देते. काल मी आलेख घेऊन तिच्याकडे गेले. सगळं समजावलं, कुठल्या वर्षी किती, का, कसं. तिने नीट ऐकलं, माशाचा खोडलेला ठिपकासुद्धा ओळखला. मग म्हणाली, "ते कळलं, बाई. पण बोट मीच दाखवलं ना?" आणि विचारलं की उलटा सामना घेता येतो का. मी, जी गेला आठवडाभर गावाशी घसा फोडून भांडते आहे की बर्फाला खेळाचं काही कळत नाही, ती मी लगेच म्हणाले, येतो. मावशी दारात उभी होती. माझ्याकडे बघून पहिल्यांदाच तिने मान हलवली, होकाराची. म्हणाली, "बर्फाकडून वितालला बसव."

तेव्हा रविवारी हॉलमध्ये आधी सामना, मग पंचांची बैठक. ती पाण्याकडून बसणार, तुम्ही बर्फाकडून. तिला हरवा, मामा. तिच्या वयाकडे बघू नका. दया दाखवू नका. काड्या सगळ्या घेऊन टाका, म्हणजे पोर सोमवारी शाळेत येईल.

आणखी ता. क. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. नोएला आत्ता येऊन गेली. तिची अट आहे. ती मुद्दाम हरणार नाही, आणि समोरच्यानेही तिला लहान समजून सोडायचं नाही. मुद्दाम हरलेलं नदीला कळतं, म्हणते. मी म्हटलं, बरं. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ती तुमच्याही विरुद्ध जिंकू शकते. मामा, डॉक्टर वाकू नका म्हणाले आहेत, खेळू नका म्हणालेले नाहीत. जोआकिमला समोर बसवा आणि आजपासूनच सराव सुरू करा.